उरलेल्या तांबड्या गोळ्या

ये व माय, इकडे ये. जवळ बस. आधी तो मोबाईल उलटा ठेव, मंग बोल. तीन महिने झाले फोनवर ‘येते आत्या, येते’ म्हणून राहिली, आणि इथं मी दर शनिवारी गादीले ऊन दाखवून राहिली की पोरगी येईन म्हणून. येत नाही तर नाही, या कागदावर तरी बस माह्याजवळ आणि चार गोष्टी ऐकून घे.

रागावायचं कारण सांगते. परवा तुह्या खोलीवरची मैत्रीण फोनवर मले म्हणाली, “आत्या, तुमची भाची सगळ्यांना तुमचंच सांगते. म्हणते, घरात कोणी नव्हतं तेव्हा माझी आत्या पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं होती.” मी फोनवर ‘हो हो’ केलं, पण मनात म्हटलं, ही पोट्टी माह्या नावानं खोटं वाटत सुटली आहे. पहिल्या दिवशी मी तुह्या बाजूनं नव्हती. पहिल्या दिवशी मी तुह्या पाठीत धपाटा घातला होता. विसरली काय?

तुह्याकडे आता सतरा-अठरा वर्षांची लेकरं सल्ला मागायले येतात ना, आपलं शरीर आणि आपलं मन यांची गाठ पडत नाही म्हणून रडत. त्यांना अशी गुळगुळीत गोष्ट नको सांगू. ते घरी जाऊन आपापल्या आत्याकडे पाहतील आणि म्हणतील, आपली तर तशी नाही. त्यांना सांग, माहीसुद्धा तशी नव्हती. कशी होती ते मी लिहून देते. सातवी शिकलेली बाई आहे मी, बाकीचं अंगणवाडीच्या रजिस्टरांनी आणि पुड्यांच्या कागदांनी शिकवलं. शुद्धलेखनाच्या चुका काढू नको.

तू जन्मली तेव्हा तुह्या बापानं, माह्या भावानं, गावात पेढे वाटले. पोरगी झाली असती तर बर्फी वाटली असती, आपल्याकडे तशीच रीत. दाई म्हणाली मुलगा, डॉक्टर म्हणाले मुलगा, मीही पाळण्यात निळं झबलं घातलं. कोणाची काही चूक नव्हती त्यात. डोळ्यांनी जेवढं दिसलं तेवढं आम्ही मानलं.

दहावीनंतर तू अमरावतीले माह्याकडे आली. गाव आपलं धामणगाव रेल्वेच्या बाजूचं, शिकवण्या तिथं नव्हत्या, आणि राजापेठेत तर हर जिन्याखाली एक क्लास. माहं घर तिथून चालत दहा मिनिटं. ती वर्षं शेतीची कशी होती ते तुले सांगायले नको. सोयाबीन उभ्याउभ्या पिवळं पडायचं, बोंडं फोडली की आत अळी. तुह्या बापाचा फोन आला की आधी आभाळाची चौकशी, मंग तुही. आपल्या गावात तेव्हा घरोघरी फवारणीच्या औषधांले कुलूप लावायची पद्धत पडली होती. काहून, हे कोणी कोणाले विचारत नव्हतं. तुह्या बापानंही कपाटाले कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याले बांधली. आंघोळीच्या वेळीही सोडायचा नाही.

आणि माह्याकडे एक डबा होता. पत्र्याचा, बिस्किटाचा. मी अंगणवाडीत कामाले, तिथून वाटायच्या सरकारी गोळ्या त्यात ठेवायची, पाळणा लांबवायच्या. एका पाकिटात एकवीस पांढऱ्या, त्या खऱ्या औषधाच्या. सात तांबड्या, त्या नुसत्या लोहाच्या. आपल्या गल्लीत मात्र त्या गोळ्यांचा दुसराच मोसम असायचा. भादव्यात महालक्ष्म्या आल्या की बायका एक एक करून यायच्या. “बाई, यंदा माही तारीख नेमकी मुखवटे बसवाच्या दिवशी येऊन रायली, काहीतरी करा.” मी डबा उघडायची. पांढऱ्या रोज घ्या, तांबड्या सोडा, देवी उठल्यावर बंद करा. कोणाले रक्तदाब आहे का, कोणाचे पाय सुजतात का, मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. सोवळं सांभाळलं म्हणून उलट मलेच दुवा मिळायचा. सण संपला की काही जणी उरलेलं पाकीट परत आणून द्यायच्या, त्यात सात तांबड्या गोळ्या तशाच.

म्हणून तर मले लगेच कळलं. तू बारावीत होती. मी तुह्या बॅगेतला जेवणाचा डबा धुवायले काढत होती आणि पुस्तकांच्या मधातून पाकिटं पडली. एक नाही, सहा. सगळ्यांत पांढऱ्या गायब आणि तांबड्या तशाच. मी काय समजली असेन ते तूच सांग! तू क्लासवरून आली तशी मी तुले दारातच धरलं.

“कोणाची पोरगी हाय?”

“कोणती पोरगी?”

“नाटक नको करू. जिच्यासाठी चोरल्या तिचं नाव सांग. तिच्या मायले मी काय तोंड दाखवू?”

तू आधी हसली. मंग तुहं तोंड असं झालं की मले अजून आठवते. म्हणाली, “आत्या, मीच हाय ती पोरगी.”

तेव्हा बसला धपाटा. धपाटा बसला आणि मंगच शब्द कानातून आत गेले. तू रडत रडत सगळं सांगितलं. चौथीत असताना, मी गावी आली की माही ओढणी घेऊन न्हाणीत बसायची ते, आवाज फुटला तेव्हा वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही ते, आणि मोबाईलवर कोणीतरी लिहिलं होतं की या गोळ्यांत बाईपणाचं औषध असते, ते. दिवसाले एक नाही, मनाले येईल तेवढ्या घेत होती. मी म्हटलं, “हे हार्मोन का काय ते खेळणं हाय काय? मरशीन ना! कोणाले इचारलं?”

नेमकी त्याच वेळी समोरची काकू आली, ओले हात पदराले पुसत. “बाई, महालक्ष्म्या पुढच्या पंधरवड्यात, मले एक पाकीट देता?” आणि मी, तुह्यावर ओरडता ओरडता, हात लांब करून डबा उघडला. पाकीट दिलं. काकू गेली. तू कोपऱ्यात बसली होती, नाक लाल. म्हणाली, “तिले काहून नाई इचारलं, मरशीन म्हणून?”

मी भाजी चिरायले बसली. पण डब्याले त्या दिवसापासून मीही कुलूप घातलं.

पुढचे आठ-दहा दिवस मी तुह्यासंग धड बोलली नाही, हेही तू कोणाले सांगत नसशील. मले वाटायचं, मोबाईलनं पोरगं बिघडवलं, परीक्षा झाली की उतरेल. पण तू जेवत नव्हती. बापाचा फोन आला की आभाळाचं सांगून ठेवून द्यायची. मले कुलुपं आठवायची. शेवटी माह्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईले मी कोपऱ्यात घेऊन विचारलं. ती म्हणाली, ग्रंथींच्या एक डॉक्टर नागपूरहून पंधरा दिवसांतून एकदा अमरावतीले येतात, त्यांना दाखवा, पण बापाले सोबत न्या, लेकरू अठराच्या आत आहे. तुह्या बापाले मी फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, ये. तो तूर सोडून आला, चपलेले माती तशीच.

घरी त्याले सांगितलं तेव्हा त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला. मंग म्हणाला, “म्हणजे लग्न नाई होणार?” मी म्हटलं, “अरे, आधी जगू तं दे!” माह्या तोंडून ते कसं निघालं, माहीत नाही. पण त्यानं तुह्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चाल बापा, किती वाजता हायत डॉक्टर?”

डॉक्टरबाई लहान चणीच्या, माह्या लेकीच्या वयाच्या. आधी तुलेच विचारलं, मंग आम्हाले. किती दिवसांपासून असं वाटते, झोप लागते का, जगणं नकोसं वाटते का. तू खाली पाहून म्हणाली, “कधी कधी.” मी पाहिलं, तुह्या बापाचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. त्याले कळलंही नसेल.

गोळ्यांची पाकिटं पाहून त्या डॉक्टर रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा कडक झाला. “आजपासून एकही घ्यायची नाही. यातलं जे औषध आहे, तेच या कामासाठी आम्ही वापरत नाही. रक्ताची गाठ होण्याचा धोका त्याचाच जास्त. आणि तू तर मोजूनही घेतलं नाहीस.”

मी म्हटलं, “डॉक्टरबाई, एका शब्दात सांगा. हे औषध चांगलं का वाईट?”

“एका शब्दात सांगता आलं असतं तर मी एवढी वर्षं शिकले नसते, मावशी.” त्या हसल्या. मंग त्यांनी सावकाश सांगितलं, आणि जे त्यांना माहीत नव्हतं तेही सांगितलं, म्हणून माहा विश्वास बसला. योग्य औषध, मोजून, रक्त तपासत दिलं तर मोठ्या माणसांत बरंच काही माहीत आहे. कोवळ्या वयात सुरू केलं तर वीस-तीस वर्षांनी हाडांचं, हृदयाचं काय होते, हे अजून पुरतं माहीत नाही. पुढं मूल होण्याची शक्यता कमी होते, कदाचित जातेच, त्यामुळं त्याचा विचार आधी करायचा. छातीत झालेले बदल औषध सोडलं तरी मागं जात नाहीत. काही थोड्या जणांना पुढं वेगळंही वाटते, म्हणून घाई करायची नाही, मनाच्या डॉक्टरांसंग बोलायचं. “याची शंभर टक्के खात्री देणारं कोणी भेटलं, तर त्याच्याकडून उठून या,” त्या म्हणाल्या.

तुह्या बापानं टोपी हातात घेतली. “आणि काहीच नाई केलं तं?”

“तर काहीच होणार नाही, असं नाही ना. आवाज अजून जाड होईल, दाढी भरेल, ते काही केल्या मागे फिरत नाही. आणि हिचं मन. त्याचाही धोका धरावा लागतो. थांबण्यालाही किंमत असते, दादा, आणि ती तुम्हाला नाही, हिला मोजावी लागते.”

‘हिचं’ म्हणाल्या त्या. तुह्या बापानं मान वर केली, पण टोकलं नाही.

मंग त्यांनी कागद ओढला आणि एक एक विचारू लागल्या. सिगारेट? नाही. तंबाखूचा खर्रा? नाही. कावीळ? नाही. “घरात रक्ताच्या नात्यात कोणाला पायात किंवा छातीत रक्ताची गाठ झाली होती?”

“नाई,” तुहा बाप म्हणाला. त्याच्या हिशेबानं खरंच नाही.

टेबलाखालून तुहा हात माह्या मनगटावर आला. घट्ट. तुले माहीत होतं. अकोल्याच्या आत्याचा डावा पाय तू लहानपणापासून सुजलेला पाहिला होता, आणि मोबाईलवर वाचून तू त्याचं नाव शोधून काढलं होतं. तो हात म्हणत होता, नको सांगू.

आता तुह्या गोष्टीत नसलेला भाग सांगते. तू दोन-अडीच वर्षांची असशील. माही धाकटी बहीण, अकोल्याले जठारपेठेत दिलेली, तिच्या सासरी महालक्ष्म्या मोठ्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, घरची-बाहेरची शंभर पानं. तिनं निरोप पाठवला, बाई, तारखेचं काहीतरी कर. मी दोन पाकिटं पाठवली. सण झाला आणि चौथ्या दिवशी तिचा पाय खांबासारखा झाला, निळा. दवाखान्यात रक्ताची गाठ निघाली. मी धावत गेली. खाटेपाशी एक कोवळा डॉक्टर विचारत होता, “काही गोळ्या वगैरे घेतल्या होत्या?” बाजूले तिची सासू उभी. आणि मी, आरोग्याचं काम करणारी मी, म्हणाली, “नाही जी, कोणत्या गोळ्या? उभं राहून राहून झालं असेल.” सरकारी गोळ्या भलत्याच कामाले दिल्या, हे बाहेर आलं तर माहं काम जाईल, ही भीती. सासूपुढं बहिणीची फजिती होईल, हीसुद्धा. ती वाचली. पण घरात सगळ्यांना कारण कळलं ते माहं, उभं राहून राहून.

आणि चौदा-पंधरा वर्षांनी दुसरी डॉक्टर माह्यापुढं तोच प्रश्न घेऊन बसली होती.

मी काय तोलत होती ते सांगते. सांगितलं तर हे औषध तुले मिळणार नाही, आणि तू ‘कधी कधी’ म्हणाली होती. नाही सांगितलं तर औषध मिळेल, आणि तुहा पाय, तुही छाती. दोन्हीकडे तूच. मी तुहा हात हळूच मनगटावरून काढला आणि म्हटलं, “हो. माह्या सख्ख्या बहिणीले झाली होती. आणि गोळ्या मीच देल्ल्या होत्या.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण लावलं. “बरं झालं बोललात. मग आज मी काहीही सुरू करणार नाही. मला त्या वेळचे कागद पाहिजेत.”

तू खुर्ची मागं सारून निघून गेली. राजापेठेच्या रस्त्यावर क्लास सुटलेल्या पोरांच्या गाड्यांमधून तू पुढं, मी मागं, धापा टाकत. वळून म्हणाली, “सगळ्या दुनियेले वाटत फिरली, अन् मले एकटीले नाई! तू माही कोणी नाई.” एक गाडीवाला ओरडला, “ओ मावशी, मरायचं हाय का?” तुहा बाप त्याच्यावर ओरडला. मी बाजूले होऊन चपलेचा अंगठा नीट करत उभी राहिली, म्हणजे रडली.

अकोल्याले मी एकटीच निघाली होती, पण सकाळी एसटी स्टँडवर तू येऊन उभी. “कागद इंग्रजीत असतीन. वाचाले कोणी लागन ना. तुह्यासाठी नाई आली.” गाडीत तू खिडकीशी, मी दोन सीट सोडून. बडनेऱ्याच्या पुढं मी केळं पुढं केलं, तू घेतलं नाही. मूर्तिजापूरले घेतलं.

जठारपेठेत बहिणीनं दार उघडलं, पाय ओढत. मी पाणीही प्यायली नाही, म्हटलं बोलून मोकळी होते. “तुहा पाय माह्या गोळ्यांनी गेला. अन् मी दवाखान्यात खोटं बोलली.” ती मंग आत गेली आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे ठेवायची पेटी ओढत आणली. मुखवट्यांच्या खाली, लाल कपड्यात, तिच्या दवाखान्याचे कागद.

“घे, वाच,” ती तुले म्हणाली.

तू एक एक ओळ वाचून मराठीत सांगत होती. वय, पाय, औषधं. मंग थांबली. म्हणाली, “इथं लिहिलं हाय. रुग्ण पाळी लांबवायच्या गोळ्या घेत होती, हे तिनं स्वतः सांगितलं.”

“सासूबाई चहा प्याले खाली गेल्या तवा तो डॉक्टर परत आला,” बहीण म्हणाली. “मी सांगून देल्लं. जीव माहा होता ना, बाई! तुह्या नोकरीसाठी मी मरू काय?” आणि हसायले लागली. “म्हणजे तू दरसाल येऊन माह्या घरचे ढीगभर भांडे घासते ते याच्यासाठी? मी म्हणो, बाईले भांड्याचा एवढा शौक कधीपासून लागला!”

मले हसावं का रडावं समजेना. पंधरा वर्षं मी जे पोटात ठेवलं, ते कागदावर केव्हाचं लिहून पडलं होतं, देवीच्या मुखवट्याखाली. तू पहिल्यांदा त्या दिवशी हसली. बहिणीनं तुह्या गालावरून हात फिरवला, कोवळी दाढी लागली असेल हाताले, पण ती म्हणाली, “पोरी, डॉक्टरपाशी दाबून ठेवू नको काही. या तुह्या आत्यासारखं तं बिलकुल नको.” पोरी म्हणाली. तिले कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणते, “मले लहानपणापासूनच दिसत होतं. तुमालेच वेळ लागला.”

तो कागद डॉक्टरांना लय कामी आला. गाठ आपोआप आली नव्हती, गोळ्यांनी ओढवली होती, एवढं त्यातून कळलं. तरी त्यांनी तुह्या गोळ्या बंद होऊन काही आठवडे जाऊ दिले आणि मंग रक्त तपासलं. रक्तात जन्माचा दोष सापडला नाही. “म्हणजे धोका संपला असं नाही,” त्या म्हणाल्या, “पण आता तो कुठे आहे हे माहीत आहे.” अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचं. तोवर दर महिन्यात मनाच्या डॉक्टरांकडे. मंग पोटातून गोळी नाही, कातडीवर लावायचं औषध, थोड्या मात्रेत, त्यानं गाठीचा धोका बराच कमी. मूल होण्याबद्दल बोलताना त्यांनी मले आणि तुह्या बापाले बाहेर बसवलं. तू काय ठरवलं ते तुहं तू जाण. मी विचारलं नाही, आता लिहिताना हात शिवशिवते तरी विचारत नाही.

ते पाच महिने सोपे नव्हते, हे मात्र त्या लेकरांना सांग. तू आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या भाभीनं तुहं माप घेतलं तेव्हा जरा बरं वाटलं होतं तुले, आठवते? भाभी टेप तोंडात धरून म्हणाली, “कंधे चौड़े हैं तो क्या हुआ, मेरे भी हैं. बाही थोडी ढीली ठेवू, बस.” त्या सलवार-कुर्त्यात तू पहिल्यांदा घरात आरशावरचा टॉवेल काढला.

अठराव्या वाढदिवशी तुहा बाप आला. हरभरा काढायचा होता, मी म्हटलं नाही येणार. आला आणि राजापेठेतूनच एक पुडा घेऊन आला. उघडला तर बर्फी. गल्लीभर स्वतः वाटत फिरला. समोरच्या काकूनं विचारलं, “भाऊ, कायची बर्फी?” तो म्हणाला, “पोरगी झाली. अठरा वर्षं उशीर झाला वाटाले.” काकूनं दोन तुकडे घेतले आणि घरात गेली. मंग चार दिवसांनी मात्र नळावर लय बोलली, तेही खरं आहे. सगळं गोड नव्हतं, पण बर्फी खरी होती.

मी माह्या डब्याचं सांगते. आता रिटायर झाली तरी भादव्यात बायका येतात. मी आधी विचारते. बीपी? पाय सुजतात? मायले, बहिणीले कधी गाठ? डोकं अर्धं दुखते? बायका कंटाळतात. “बाई, तुमी तं आता डॉक्टरीन झाल्या! एका सणासाठी एवढं इचारतात काय?” मी म्हणते, माह्या भाचीले तर याच्या दहापट विचारलं होतं, तुमालेच काहून फुकटात सोडू? जा, आधी डॉक्टरले दाखवून या. अर्ध्या जणी रागावून जातात, अर्ध्या जाऊन दाखवून येतात.

आता येते खऱ्या गोष्टीवर. तुही मैत्रीण फोनवर आणखी एक बोलून गेली. म्हणे, “यंदा तिनं रक्त तपासलंच नाही, आत्या. कामात वेळ नाही म्हणते.” काहून? सात वर्षं झाली, सगळं बरं आहे, म्हणून? बरं आहे ते तपासलं म्हणून बरं आहे, पोरी. माहं मनगट आजही सांगते, तू किती घट्ट धरलं होतं ते. ते मी सोडवून घेतलं, ते तुले औषध मिळू नये म्हणून नाही, तू ते औषध घेत म्हातारी व्हावी म्हणून. माह्याएवढी म्हातारी. दात पडलेली, तोंडाळ.

तेव्हा असं कर. आधी लॅबमधून रिपोर्ट घे, मंग तो पिशवीत टाक आणि निघ. अकोल्याच्या आत्यानं यंदा सोळा भाज्यांपैकी चार तुह्या वाट्याच्या ठेवल्या आहेत, भांडे मी घासणार नाही म्हणून सांगून दिलं आहे, तिचे तिनं घासावे. तुहा बाप स्टेशनवर घ्यायले येतो म्हणून राहिला, गाडी कोणती तेवढं कळव. गादी आजही उन्हात टाकली आहे. लवकर ये व माय.